गाडीच्या आतले पिवळे दिवे काढून एलईडी बसवावेत का?

उंबरठा
नमस्कार मंडळी. गाडी बारा वर्षांची हॅचबॅक आहे. एक लाख दहा हजार किलोमीटर झालेत, इंजिन ठणठणीत आहे, आणि अजून चार-पाच वर्षं तरी बदलायचा विचार नाही. प्रश्न तिच्या आतल्या दिव्यांचा आहे. पुढे आरशाच्या वर एक दिवा आणि डिकीत एक, एवढेच. मागच्या सीटवर दिवा नाहीच.

बाबांचं वय ७६. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रात्री कुठूनही परत निघालो की गाडीत बसताना पाय कुठे ठेवायचा ते त्यांना दिसत नाही. चपलेचं टोक दाराच्या उंबऱ्याला अडकतं. पट्ट्याचं बक्कल चाचपडत शोधतात. परवा एका लग्नाहून निघताना तोल गेला, मी हात धरला म्हणून निभावलं. छतावरचा दिवा तेव्हा चालूच होता, पण त्याचा उजेड त्यांच्या मांडीपर्यंत जेमतेम येतो.

नाना पेठेत चौकशी केली तर दुकानदाराने एक चौकोनी पांढरं पॅनल दाखवलं, भरपूर बारीक दिवे असलेलं. म्हणाला, गाडीत दिवस उगवेल. मला जाणकारांना विचारायचंय: हे बसवल्याने वायरिंगला किंवा बॅटरीला काही त्रास होतो का? कोणत्या मापाचा बल्ब घ्यायचा? घरी जमेल का, की इलेक्ट्रिशियनकडेच जावं?

सुसाट
बसवून टाका. मी चार वर्षांपूर्वी बसवलेत, अजून एकदाही उघडायची वेळ आली नाही.

तेरा_अंपियर
आधी वायरिंगची भीती घालवू. तुमचा जुना बल्ब बहुतेक ५, ८ किंवा १० वॅटचा असेल, त्याच्या टोपीवर कोरलेलं असतं. १० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ०.८ अँपियर ओढतो. त्या जागी दीड वॅटचा एलईडी बसवला तर ०.१२ अँपियर. म्हणजे वायरवरचा ताण कमीच होणार. रात्री दार नीट लागलं नाही आणि दिवा दहा तास जळत राहिला, तर जुना बल्ब ८ अँपियर-तास खातो. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची असते आणि ती जुनी असली तर सकाळी स्टार्टर कुरकुरणार. एलईडी तेवढ्याच वेळात सव्वा अँपियर-तास खाईल.

आता माप. आतल्या दिव्यांत प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे दोन्ही टोकांना धातूची टोपी असलेला, नळीसारखा. त्याला फेस्टून म्हणतात. हा ३१, ३६, ३९ आणि ४१ मिलिमीटर लांबीत मिळतो. दुसरा बिनटोपीचा, खाली चपटी काच आणि वर वळवलेल्या तारा. त्याला दुकानात कॅपलेस किंवा टी-१० म्हणतात, आणि पार्किंगच्या दिव्यालाही बऱ्याच गाड्यांत तोच असतो. जुना बल्ब काढून शाळेच्या पट्टीने मोजा, नाहीतर सरळ खिशात घालून दुकानात न्या. ३६ च्या जागी ३९ दामटून बसवला की होल्डरचे पत्रे वाकतात आणि मग मूळचा बल्बसुद्धा सैल बसतो.

एलईडीला उलट-सुलट असतं. बसवल्यावर पेटला नाही तर खराब समजून परत करू नका, काढून फिरवून लावा.

तांबडा_पांढरा
तेरादादांनी माप सांगितलं, मी काढायची पद्धत सांगतो, कारण मी तिथंच फसलोय.

बऱ्याच गाड्यांत छतावरच्या दिव्याला बॅटरीचा प्लस कायम आलेला असतो. दार उघडलं की दाराचं बटण मायनसची बाजू जोडतं आणि दिवा लागतो. त्यामुळं दिव्याचा खटका बंद केला तरी होल्डरच्या एका टोकाला करंट असतोच. मी खटका बंद करून लोखंडी पक्कडीनं बल्ब उपसला. पक्कडीचं एक टोक होल्डरला आणि दुसरं छताच्या पत्र्याला लागलं. चट् करून आवाज आला आणि संपलं. दिवा गेलाच, सोबत म्युझिक सिस्टम गेली, घड्याळ गेलं, सेंट्रल लॉकही गेलं, कारण त्या सगळ्यांचा फ्यूज एकच. रविवार दुपार गाडीखाली डोकं घालून फ्यूजचा डबा शोधण्यात गेली. फ्यूज दहा रुपयांचा होता, पण तो नेमका कोणता ते कळायला तीन तास लागले.

तेव्हा भावा, आधी पुस्तिकेत बघून आतल्या दिव्याचा फ्यूज काढ. मग प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड कापडात गुंडाळून भिंगाच्या खाचेत घाल आणि हळू उचक. स्क्रू-ड्रायव्हर घातलास तर कडा तुटतात. आणि बल्ब नुकताच विझवला असेल तर पाच मिनिटं थांब, बोट भाजतं.

उंबरठा
धन्यवाद दादा. फ्यूजऐवजी बॅटरीची मायनस वायरच काढली तर?

तेरा_अंपियर
चालेल, पण काही म्युझिक सिस्टम पुन्हा जोडल्यावर कोड मागतात आणि काचांची ऑटो सेटिंग पुसली जाते. फ्यूज काढणं जास्त सुटसुटीत.

घाटवाट
थोडा विरोध नोंदवतो. माझ्या गाडीत मागच्या मालकाने असंच 'दिवस उगवणारं' पॅनल लावलं होतं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढत होतो, पाऊस, धुकं, रात्रीचे साडेनऊ. मागे मुलीच्या हातातून पाण्याची बाटली पडली म्हणून बायकोने दिवा लावला. समोरच्या काचेवर मला रस्ता दिसायचा बंद झाला आणि माझाच शर्ट दिसायला लागला. गाडी जागेवर थांबवली. दिवा बंद झाल्यावरसुद्धा बराच वेळ कडेची पांढरी पट्टी नीट दिसेना.

याला कारण आहे. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या दंडपेशी हळूहळू जाग्या होतात, पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. पांढरा लखलखीत उजेड तो सराव काही सेकंदांत घालवतो. पिवळट मंद दिवा कमी घालवतो, लाल सगळ्यात कमी. जहाजांवर रात्री लाल दिवे वापरतात ते याचसाठी. मी पॅनल त्याच आठवड्यात काढलं.

चाकरमानी
@घाटवाट, पटलं, पण लहान मूल असलेल्या घरात चालत्या गाडीत दिवा लागतोच हो. गणपतीत मुंबईहून सावंतवाडीला निघालं की बारा-चौदा तास कुठेच गेले नाहीत. रात्री दोन वाजता पोराला उलटी आली की पिशवी, नॅपकिन, दुसरा शर्ट, सगळं त्याच दिव्यात शोधायचं. पूर्वी टोलवर सुटे पैसे शोधायलाही दिवा लागायचा, फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून तेवढं एक कमी झालं. पण उलटीला फास्टॅग नाही ना!

रातपाळी
मी रात्रीची कॅब चालवतो, सात वर्षं झाली. दोघांचंही खरं आहे. मला पुढे अंधार हवा असतो आणि मागे बसणाऱ्या ताईंना बऱ्याचदा दिवा चालू हवा असतो. एकट्या असल्या की त्या तसं सांगतात आणि मी लगेच लावतो, कारण उजेडात त्यांना धीर वाटतो. माझ्या गाडीत मागे वेगळा दिवा आहे. त्यात पांढऱ्याऐवजी वॉर्म, म्हणजे पिवळट उजेडाचा एलईडी टाकला, एकच वॅटचा. बॅगेतली चावी दिसते, चेहरा दिसतो, आणि माझ्या आरशात चमक मारत नाही. पुढच्या दिव्यात जुनाच बल्ब ठेवलाय.

पापणी
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढते, त्यामुळे उंबरठा यांच्या मूळ प्रश्नातल्या बाबांविषयी लिहिते.

वय वाढतं तशी बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर, दाट होत जातं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे तुम्हाला 'ठीक आहे' वाटणारा उजेड त्यांना खरोखर अपुरा आहे, ते उगाच तक्रार करत नाहीयेत. पण याची दुसरी बाजूही आहे. त्याच दाट भिंगात उजेड विखुरतो, म्हणून ज्येष्ठांना डोळ्यांवर आलेला झगझगाट तरुणांपेक्षा जास्त त्रास देतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर आणखी. बाहेरच्या अंधारातून येऊन ते खाली वाकून गाडीत शिरतात, तेव्हा छतावरचं पॅनल नेमकं त्यांच्या नजरेसमोर येतं. डोळे दिपतात आणि पावलाखालचं मुळीच दिसत नाही.

त्यांना उजेड हवाय तो पायापाशी आणि दाराच्या उंबऱ्यावर. छतावरचा दिवा थोडा सुधारा, हरकत नाही, पण खरी गरज डॅशबोर्डच्या खाली खालच्या दिशेने पडणाऱ्या छोट्या दिव्याची आहे. त्याचा झोत डोळ्यांत येता कामा नये.

रंगाचं म्हणाल तर ३००० ते ४००० केल्विनच्या आसपास घ्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळट). ६००० च्या निळसर पांढऱ्यात वाट्टेल तेवढं स्पष्ट दिसल्याचा भास होतो, पण स्वस्त दिव्यात लाल-तपकिरी छटा मेलेल्या दिसतात. बाबा गाडीत गोळ्या घेत असतील तर दोन सारख्या आकाराच्या, फिकट गुलाबी आणि फिकट पिवळ्या गोळ्या अशा उजेडात वेगळ्या ओळखू येणं कठीण जातं.

निळू_आकाश
@पापणी ताई, त्या निळसरपणाचं कारण फार सुंदर आहे. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा, लेप देतात आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. लेप स्वस्तातला किंवा पातळ असला की निळा वरचढ होतो. लाल आणि हिरवे एलईडी कधीचे होते, निळा मात्र वर्षानुवर्षं जमत नव्हता. तो जमवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या छतातल्या शंभर रुपयांच्या बल्बमागे एवढी मेहनत आहे, हे मला दर वेळी तो लावताना आठवतं.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, पुण्या-मुंबईच्या लोकायनं एक गोष्ट सांगितलीच नाही, ऊन! आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. उन्हात उभ्या गाडीचं छत तर त्याहून कितीतरी जास्त तापते. मी पॅनल चिकटवलं होतं, मागं दोन बाजूंनी चिकटणारी टेप होती. एप्रिलपर्यंत टिकलं. मग एक दिवस दुपारी ऑफिसातून निघालो, दार लावलं आन् धप्पकन पॅनल मांडीवर. टेपचा पार गूळ झालता. नंतर फेस्टून एलईडी लावला, तो होल्डरच्या पत्र्यात घट्ट बसते, टेप-बिप काही नाही. दोन उन्हाळे झाले, हालला नाही.

तेरा_अंपियर
वऱ्हाडीभाऊंनी महत्त्वाचा मुद्दा काढला. एलईडीचा शत्रू उष्णता आहे. आणखी एक शत्रू म्हणजे चालू इंजिन. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट देते, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) फिरायला लागला की १४.४ पर्यंत जातं. स्वस्त बल्बमध्ये तीन एलईडी एका रांगेत आणि पुढे करंट आवरणारा एक रेझिस्टर असतो. तीन एलईडी मिळून साडेनऊच्या आत-बाहेर व्होल्ट घेतात, उरलेले रेझिस्टरवर पडतात. इंजिन चालू होताच रेझिस्टरवरचे व्होल्ट तीन-साडेतीनवरून पाचाच्या घरात जातात, म्हणजे एलईडीतून करंट दीडपट. म्हणून ते दुकानात छान दिसतात आणि सहा महिन्यांत एकेक ठिपका लुकलुकून मरतो. कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे व्होल्ट वाढले तरी करंट एकसारखा ठेवणारं छोटं सर्किट, असलेला बल्ब मागा, थोडा महाग पडतो. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं लावा आणि हात लावून बघा. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर तो बल्ब परत करा.

विविधभारती
ड्रायव्हरवाला घेतलात तर एक परीक्षा माझ्याकडून. दुकानातच रेडिओ एफएमवर लावा, जरा क्षीण येणारं स्टेशन निवडा, आणि दिवा चालू-बंद करा. हलक्या प्रतीच्या ड्रायव्हरने खरखर येते. मी एकदा दोन महिने अँटेना बदलत बसलो होतो. दोष छतातल्या बल्बचा निघाला, कारण अँटेनाची वायर त्याच्या शेजारून जात होती.

नवशिका_२२
माझ्या गाडीत वेगळीच गंमत झालीये. एलईडी बसवला, छान पेटतो, पण गाडी लॉक करून वर गेलो आणि गॅलरीतून पाहिलं तर आत मंद ठिपके दिसतात. रात्रभर तसेच. आई म्हणते गाडीत काजवा शिरलाय. बॅटरी उतरेल का?

तेरा_अंपियर
नाही उतरणार. काही गाड्यांत दिवा बंद असतानाही सर्किटमधून एक-दोन मिलिअँपियर करंट झिरपत असतो. साध्या बल्बची तार त्याने गरमसुद्धा होत नाही, म्हणून आजवर ते कधी कळलं नाही. एलईडीला मात्र तेवढं पुरतं. होल्डरच्या दोन टोकांमध्ये समांतर १ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जोडा, काजवा जाईल. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. दार लावल्यावर तुमचा दिवा पूर्वी हळूहळू मंद होत विझायचा का? तसं असेल तर एलईडी थरथरू शकतो, तेव्हा डिमिंगला चालणारा बल्ब बघा.

सुसाट
या निमित्ताने विचारतो, हेडलाइटमध्येही हॅलोजन काढून एलईडी टाकले तर? आणि नंबरप्लेटला निळा?

घाटवाट
हेडलाइटमध्ये कृपा करून नको. त्यामागचा आरसा हॅलोजनच्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीची चिप त्या बिंदूवर नेमकी बसत नाही, झोत फुटतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. घाटात वळणावर असा एक आला की आपण काही क्षण आंधळे. मी हे सोसलंय, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

रातपाळी
नंबरप्लेटला निळा बेकायदा आहे. मोटार वाहन नियमांत मागची प्लेट पांढऱ्या उजेडाने उजळलेली आणि १५ मीटरवरून वाचता येईल अशी हवी, असं स्पष्ट लिहिलंय. पांढरा एलईडी लावा, चांगला दिसतो.

चाकरमानी
मंडळी, बाबांना गाडीत बसवा आधी! उंबरठा, पायाखालच्या दिव्याचं काय ठरवलं?

उंबरठा
सगळं वाचतोय. पापणी ताईंचं वाचल्यावर रात्री खाली जाऊन बाबांच्या जागी स्वतः बसून पाहिलं. डोकं वाकवून आत शिरताना दिवा खरंच सरळ डोळ्यांत येतो आणि पायाशी काळोख. इतकी वर्षं मी फक्त ड्रायव्हरच्या बाजूने चढलोय, त्यामुळे हे कधी लक्षात आलं नव्हतं. पॅनल रद्द. पायापाशी दिवा द्यायचा तर वायर कुठून आणू?

तांबडा_पांढरा
चुंबकावर चिकटणारे, चार्जिंगचे सेन्सरवाले दिवे मिळतात की. वायरच नको. पाऊल पडलं की पेटतो.

वऱ्हाडी_ठेचा
उन्हात तापणाऱ्या गाडीत लिथियमचा सेल कायमचा ठेवू नका भाऊ. फुगते. वायरवालाच बरा.

तेरा_अंपियर
मीही वायरच्या बाजूने. छतावरच्या दिव्यापासून दोन वायरी खाली आणायच्या: एक कायम प्लस, दुसरी दाराच्या बटणावरून येणारी. मग दार उघडलं की छताबरोबर पायाशीही उजेड आणि बंद केलं की दोन्ही बंद, वेगळा खटका नको. प्लसच्या वायरीत, जिथून ती घेताय तिथेच, १ अँपियरचा फ्यूज टाका. समोरच्या काचेशेजारच्या खांबातून वायर आणताना गाडीला पडदा-एअरबॅग (छताच्या कडेतून खिडकीवर उघडणारी) आहे का ते आधी बघा. असेल तर त्याच्या पुढून वायर जाता कामा नये, ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. काही गाड्यांत डॅशबोर्डखालीच दाराच्या बटणाची वायर सापडते, मग छतापर्यंत जायचीही गरज नाही. मल्टिमीटर असलेला माणूस दहा मिनिटांत शोधून देईल.

पापणी
आणि दिवा डॅशबोर्डच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने, म्हणजे बसलेल्या माणसाला ठिपका दिसणार नाही, फक्त जमिनीवरचा उजेड दिसेल असा. उंबऱ्यावर फिकट रंगाची चिकटपट्टीही लावा. कड उठून दिसली की पाय आपोआप उचलला जातो.

उंबरठा
तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

एअरबॅग फक्त स्टिअरिंगमध्ये आहे, तरी वायरिंगचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलं. दाराची वायर डॅशबोर्डखालीच सापडली. डाव्या बाजूला पायाशी १ वॅटचा वॉर्म दिवा, झोत खाली. फ्यूज टाकलाय. छतावरचा बल्ब मी घरी बदलला, आधी फ्यूज काढून आणि कापडात गुंडाळलेल्या एटीएम कार्डाने, अगदी सांगितल्याप्रमाणे. जुना ८ वॅटचा, मोजला तर ३१ मिलिमीटर. त्या जागी ४००० केल्विनचा ड्रायव्हरवाला फेस्टून. पहिल्यांदा पेटला नाही, फिरवला, पेटला. रेडिओ स्वच्छ, दहा मिनिटांनी कोमट. उंबऱ्याला पांढरी पट्टी लावली, तीच सगळ्यात स्वस्त पडली.

शनिवारी आत्याकडे जेवायला गेलो होतो. निघताना साडेदहा वाजले होते, त्यांच्या गल्लीतला खांबावरचा दिवाही बंद. बाबांनी दार उघडलं, खाली पाहिलं, काठी आत टेकवली आणि माझा हात न धरता बसले. मी हात पुढे केलेला होता, तो तसाच राहिला. बक्कल पहिल्या झटक्यात लागलं. मग म्हणाले, "उद्या तुझ्या आईच्या बाजूलाही लाव, ती सांगणार नाही, पण तिलाही दिसत नाही."

आई मागे उजवीकडे बसते. तेरा_अंपियर दादा, मागच्या पायापाशी न्यायला त्याच वायरीवरून पुढे जोड दिला तर १ अँपियरचा फ्यूज पुरेल ना?

तेरा_अंपियर
दोन दिवे मिळून ०.१७ अँपियर. आरामात पुरेल. वायर सीटच्या रुळाखालून नेऊ नका, सीट सरकवताना कापली जाते. दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिकच्या पट्टीखालून न्या.